अडवणारा कोणाला उत्तर देतो?

मुंबईहून कोकणाकडे निघालेल्या गाड्यांचा मोठा लोंढा पळस्पे फाट्यावर एकवटतो. पनवेल मागे पडले की जुना मुंबई-पुणे रस्ता खोपोलीकडे सरळ जातो, गोव्याचा महामार्ग पेणच्या दिशेने दक्षिणेला वळतो आणि न्हावा-शेवा बंदराचे कंटेनर दोन्ही प्रवाहांत मिसळतात. गणपतीच्या तोंडावर इथे होणारी कोंडी चाकरमान्यांना नवी नाही. ऑगस्ट २०२० मध्ये मात्र या वाटेवरची अडचण वेगळी होती. करोनाच्या साथीत खासगी गाडीने जिल्हा ओलांडायला ई-पास लागत होता. कोकणात जाणाऱ्यांनी १२ ऑगस्टपर्यंत गाव गाठून दहा दिवस विलगीकरणात राहायचे, त्यानंतर निघणाऱ्यांनी चाचणीचा अहवाल जवळ ठेवायचा, असा नियम होता. रत्नागिरीत शिरताना कशेडी घाटात आणि सिंधुदुर्गात शिरताना खारेपाटणला कागद दाखवल्याशिवाय गाडी पुढे सरकत नव्हती. आपल्याच राज्यात, आपल्याच घरी जायला परवानगी मागण्याची वेळ अनेक कुटुंबांवर पहिल्यांदाच आली.

लोक चिडले, वैतागले, पण त्यांनी हा बंदोबस्त सोसला. त्याला कारणे होती. नियम मंत्र्याच्या गाववाल्यालाही कागदोपत्री तोच होता. तो ज्या कायद्यांच्या आधारे काढला होता, त्यातला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा निवडून आलेल्या संसदेने केला होता. नियम जाचक वाटला तर उच्च न्यायालयाचे दार उघडे होते, वृत्तपत्रांत टीका करता येत होती, पुढच्या निवडणुकीत हिशेब मागता येत होता. आणि तो संपला: २ सप्टेंबर २०२० पासून राज्यात जिल्हा ओलांडण्यासाठी ई-पासची अट राहिली नाही. पुढच्या वर्षी साथ पुन्हा वाढल्यावर अट परत आली आणि परत गेलीही. त्या काळात सगळ्यांना सारखे वागवले गेले असे कुणी म्हणणार नाही. डोक्यावर बोचकी घेऊन महामार्गाने चालत निघालेल्या मजुरांनी ज्या लाठ्या खाल्ल्या, त्या गाडीवाल्यांच्या वाट्याला आल्या नाहीत. पण त्या अन्यायाला अन्याय म्हणता येत होते, कारण संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने देशभर मुक्तपणे फिरण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला आहे आणि त्यावरच्या बंधनाचे समर्थन करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

यातून नाक्यांकडे पाहण्याची एक कसोटी हाती येते. रस्त्यावर कुणी थांबवले एवढ्याने हक्क बुडत नाही. थांबवतात कुणाला, कुणाच्या हुकमाने, किती काळ, आणि थांबवणारा अखेर कोणाला उत्तर देतो, हे पाहावे लागते. ही कसोटी घेऊन पॅलेस्टाइनच्या वेस्ट बँकमध्ये गेले तर काय दिसते?

रायगड जिल्ह्याचे क्षेत्रफळ ७,१५२ चौरस किलोमीटर आहे. वेस्ट बँक त्याहूनही लहान, सुमारे ५,६०० ते ५,८०० चौरस किलोमीटरचा प्रदेश. तिथे तीस लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी राहतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी मदत समन्वय कार्यालयाने २०२५ च्या सुरुवातीला या एवढ्याशा भूमीवर रहदारी अडवणाऱ्या ८४९ गोष्टी मोजल्या. दोन वर्षांपूर्वी हाच आकडा ६४५ होता. त्यांत सैनिकांचा चोवीस तास पहारा असलेले तपासणी नाके आहेत, कधीमधी सुरू होणारे नाके आहेत, गावाच्या तोंडाशी बसवलेली लोखंडी फाटके, रस्त्यावर टाकलेले मातीचे ढीग, काँक्रीटचे ठोकळे, खणलेले चरही आहेत. पेणहून रोह्याला, रोह्याहून माणगावला जाताना प्रत्येक वळणावर असे काहीतरी उभे आहे आणि ते आज उघडे असेल की बंद हे निघताना कळायला मार्ग नाही, अशी कल्पना रायगडच्या माणसाने केली तर त्या नकाशाचा अंदाज येईल.

यातले बरेच नाके इस्रायल आणि वेस्ट बँक यांच्या हद्दीवर नाहीत. ते वेस्ट बँकच्या पोटात आहेत, एका पॅलेस्टिनी गावाला दुसऱ्या पॅलेस्टिनी गावापासून तोडणारे. नाब्लुसच्या दक्षिणेचा हुवारा, बेथलेहेम आणि रामल्ला यांच्यामधल्या वाटेवरचा ‘कंटेनर’ नावाने ओळखला जाणारा नाका, ही त्यातली परिचित नावे. ‘कंटेनर’चे फाटक बंद झाले की वेस्ट बँकचा दक्षिण भाग उरलेल्या प्रदेशापासून जवळजवळ तुटतो.

हे एका रात्रीत घडले नाही. जून १९६७ च्या युद्धात इस्रायलने वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम आणि गाझा जिंकले आणि तिथे लष्करी राजवट आली. १९७२ पासून सर्वसाधारण परवानगी होती. बहुतेक पॅलेस्टिनी दिवसा इस्रायलमध्ये जाऊन कामधंदा करून परतत. जानेवारी १९९१ मध्ये, आखाती युद्धाच्या काळात, ती सरसकट परवानगी गेली आणि प्रत्येकाला स्वतंत्र परवाना लागू लागला. मार्च १९९३ मध्ये इस्रायली नागरिकांवरच्या हल्ल्यांनंतर सर्वसाधारण प्रवेशबंदी आली. इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातल्या १९९५ च्या दुसऱ्या ऑस्लो कराराने वेस्ट बँकचे ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ असे तुकडे केले. सुमारे साठ टक्के भूभाग असलेला ‘क’ विभाग पूर्णपणे इस्रायली लष्कराच्या ताब्यात राहिला आणि पॅलेस्टिनी शहरे त्यात बेटांसारखी सुटी पडली. ही व्यवस्था पाच वर्षांसाठी, तात्पुरती होती. सप्टेंबर २००० मध्ये दुसरा इन्तिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, पेटल्यावर नाक्यांचे जाळे दाट झाले आणि २००२ पासून विभाजक भिंतीचे काम सुरू झाले. तिचा आखलेला मार्ग ७०० किलोमीटरहून लांब आहे, म्हणजे १९४९ च्या युद्धबंदी रेषेच्या दुपटीहून अधिक. त्यातला सुमारे ८५ टक्के भाग त्या रेषेवर नाही, वेस्ट बँकच्या आत आहे. तात्पुरत्या म्हणून उभ्या राहिलेल्या नाक्यांना पुढे छपरे आली, फिरती लोखंडी दारे आली, क्रमांक आले.

बेथलेहेमच्या ‘नाका ३००’ वर पहाटेच्या अंधारात गजांच्या अरुंद बोळात शेकडो पुरुष दाटीवाटीने उभे असल्याची छायाचित्रे जगभर छापून आली आहेत. तिथून जेरुसलेम दहा किलोमीटरच्या आत आहे. कामाची पाळी सातला सुरू व्हायची, म्हणून गवंडी, सुतार, फरशीवाले तीन-चार वाजता घर सोडत. परवाना मालकाच्या नावाशी बांधलेला असे. मालकाने नाराज होऊन तो रद्द केला की रोजगार संपला. त्यातून परवान्यांचे दलाल उभे राहिले आणि अनेक मजूर दरमहा अडीच हजार शेकेलच्या आसपास रक्कम केवळ कामावर जाण्याच्या हक्कासाठी मोजू लागले. फरा नाबुलसी यांचा ‘द प्रेझेंट’ हा लघुपट याच नाक्यावर सुरू होतो. बायकोसाठी वस्तू आणायला लेकीला घेऊन निघालेल्या माणसाची एवढीच त्याची गोष्ट आहे. ती सांगायला युद्ध दाखवावे लागत नाही.

विद्यार्थ्यांचे हाल निराळे. २००१ ते २००३ या काळात रामल्ला आणि बिरझेत विद्यापीठ यांच्यामधला रस्ता सुरदा इथे तोडून ठेवला होता. विद्यार्थी आणि प्राध्यापक एका बाजूला टॅक्सीतून उतरत, मधला तुकडा पायी तुडवत आणि पलीकडे दुसरी टॅक्सी धरत. लष्कराची गाडी येऊन उभी राहिली की तेही बंद. विद्यापीठावर बंदीचा हुकूम नव्हता. तिथवर पोचणेच बेभरवशाचे करून ठेवले होते, आणि परीक्षेच्या दिवशी दोहोंचा परिणाम एकच होतो.

रुग्णांची गोष्ट याहून कठीण आहे. कर्करोगावरच्या उपचारांसाठी वेस्ट बँकमधल्या, आणि ऑक्टोबर २०२३ पर्यंत गाझातल्याही, लोकांचा मोठा आधार म्हणजे पूर्व जेरुसलेममधले ऑगस्टा व्हिक्टोरिया रुग्णालय. तिथे जायला रुग्णाला परवाना लागतो, सोबतच्या नातेवाइकाला वेगळा. मुलाला मिळाला आणि आईला नाकारला, असे घडते. पॅलेस्टिनी रुग्णवाहिका बहुतेक वेळा जेरुसलेममध्ये थेट जाऊ शकत नाही. नाक्यावर रुग्णाला एका रुग्णवाहिकेतून उतरवून पलीकडून आलेल्या दुसऱ्या रुग्णवाहिकेत चढवतात. दुसऱ्या इन्तिफादाच्या वर्षांत नाक्यांवर अडकलेल्या गरोदर स्त्रियांची तिथेच प्रसूती झाल्याच्या आणि काही अर्भके दगावल्याच्या नोंदी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार यंत्रणेकडे आहेत.

शेतकऱ्याचा परवाना ऋतूवर चालतो. भिंतीच्या पलीकडे ज्यांची ऑलिव्हची झाडे राहिली, त्यांना स्वतःच्या जमिनीवर जायला परवाना काढावा लागतो. कित्येक फाटके ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या तोडणीच्या दिवसांपुरतीच उघडतात. नांगरट, छाटणी, तण काढणे यासाठी वर्षभर शेतावर जावे लागते हे आंबा-काजूची बाग राखणाऱ्या कोकणी माणसाला सांगायला नको. तोडणीच्या वेळी झाड निगराणीअभावी कमी धरते, आणि जमीन कसली जात नाही हे पुढे ती गमावण्याचे कारण होऊ शकते.

या सगळ्या उदाहरणांतून एकच धागा जातो: अनिश्चितता. नाका रोज तीन तास खाणार हे ठरलेले असेल तर माणूस तीन तास आधी निघतो. पण तो कधी दहा मिनिटे, कधी चार तास खाणार, कधी उघडणारच नाही, असे असेल तर आयुष्याचे नियोजनच संपते. व्यापारी नाशवंत माल पाठवायला धजत नाही, कंपनी कारखाना टाकत नाही, मुलीला दुसऱ्या शहरातल्या महाविद्यालयात घालताना घरचे कचरतात, लग्नाची बोलणी करताना मधले नाके मोजले जातात. जागतिक बँकेने २०१३ मध्ये ‘क’ विभागाचा अभ्यास केला. तिथली बंधने उठली तर पॅलेस्टिनी अर्थव्यवस्थेत वर्षाला सुमारे ३.४ अब्ज डॉलरची, म्हणजे तेव्हाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या साधारण ३५ टक्क्यांची भर पडू शकते, असा तिचा अंदाज होता. शिक्षण, आरोग्य, रोजगार हे हक्क कागदावर वेगवेगळे लिहिले जातात, पण ते सगळे रस्त्यावरून जातात. रस्ता दुसऱ्याच्या मर्जीवर गेला की उरलेले हक्क तिच्यावर टांगले जातात.

आणि ही मर्जी सगळ्यांवर सारखी चालत नाही. पूर्व जेरुसलेम वगळता वेस्ट बँकमध्ये पाच लाखांच्या आसपास इस्रायली वसाहतवासी राहतात. त्यांच्या गाड्यांना पिवळ्या पाट्या असतात, पॅलेस्टिनी गाड्यांना पांढऱ्या-हिरव्या. नाक्यावरचा सैनिक दुरूनच ओळखतो. वसाहतवासी गुन्ह्यात सापडला तर त्याच्यावर इस्रायली नागरी कायद्याने खटला चालतो. शेजारच्या गावातला पॅलेस्टिनी लष्करी न्यायालयात उभा राहतो. ज्या सरकारचे सैनिक नाका चालवतात, ते निवडण्याचा अधिकार वसाहतवाशाला आहे, पॅलेस्टिनीला नाही. हेब्रॉन शहरात हे सगळे एका रस्त्यावर पाहता येते. फेब्रुवारी १९९४ मध्ये बारूख गोल्डस्टीन या वसाहतवाशाने इब्राहिमी मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या. त्यानंतर बंधने आली ती मृतांच्या समाजावर. बाजारपेठेचा शुहादा रस्ता पॅलेस्टिनींसाठी टप्प्याटप्प्याने बंद होत गेला, दुकानांना टाळी लागली, काही घरांचे रस्त्याकडचे दरवाजे कायमचे बंद करण्यात आले. आता तिथल्या नाक्यांवर चेहरा ओळखणारे कॅमेरे आहेत. ‘रेड वूल्फ’ नावाची ही प्रणाली पॅलेस्टिनींच्या चेहऱ्यांची नोंद त्यांच्या संमतीशिवाय ठेवते, असे अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने २०२३ मध्ये अहवालात मांडले.

इस्रायलची बाजू सुरक्षेची आहे आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. मार्च २००२ मध्ये नेतान्यातल्या एका हॉटेलात सणाच्या जेवणासाठी जमलेल्या ३० जणांना आत्मघातकी हल्लेखोराने ठार केले. बस, बाजार, उपाहारगृहे यांवर त्या वर्षांत लागोपाठ हल्ले झाले. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेली, अडीचशेजणांना ओलीस नेले. मुंबईने १९९३, २००६ आणि २००८ पाहिले आहे. मुलगी घरी येईपर्यंत जीव टांगणीला लागणे म्हणजे काय हे या शहराला कळते. आपल्या नागरिकांचे रक्षण करणे हे कोणत्याही राज्याचे कर्तव्य आहे, आणि त्यासाठी त्याने आपल्या सीमेवर कसून तपासणी केली तर तक्रारीला जागा नाही.

प्रश्न सीमा सोडून आत आल्यावर सुरू होतो. नाब्लुस आणि रामल्ला यांच्यामधला नाका तेल अवीवच्या बसला किती वाचवतो? तो बहुतेक वेळा मधल्या वसाहतींना आणि त्यांच्या रस्त्यांना राखतो, आणि व्यापलेल्या प्रदेशात आपली लोकसंख्या वसवण्यास चौथ्या जिनिव्हा कराराची मनाई आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ९ जुलै २००४ च्या सल्लामतात भिंतीचा वेस्ट बँकमधला मार्ग बेकायदा ठरवला. १९ जुलै २०२४ च्या मतात तर संपूर्ण ताबाच बेकायदा असून तो शक्य तितक्या लवकर संपला पाहिजे, असे म्हटले आणि संचारावरच्या बंधनांचा त्यात स्पष्ट उल्लेख केला. खुद्द इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयानेही कधीकधी लष्कराला रोखले आहे. बैत सुरीक गावाच्या खटल्यात ३० जून २००४ रोजी त्याने भिंतीचा मार्ग बदलायला लावला. २००९ मध्ये ४४३ क्रमांकाच्या रस्त्यावरची पॅलेस्टिनींवरची सरसकट बंदी चुकीची ठरवली. पण त्या निकालानंतरही हा रस्ता पॅलेस्टिनींना पूर्वीसारखा वापरता आला नाही. ‘महसोम वॉच’ या इस्रायली स्त्रियांच्या गटाने २००१ पासून पहाटे नाक्यांवर उभे राहून आपल्याच सैनिकांच्या वागण्याच्या नोंदी ठेवल्या. देशप्रेम आणि नाक्यांना विरोध ही दोन्ही एका माणसात राहू शकतात, हे त्यांनी दाखवले.

खऱ्या संकटाच्या नावाने सुरू झालेली सक्ती कुठवर जाते हे महाराष्ट्राने स्वतः भोगले आहे. १८९७ ची प्लेगची साथ खोटी नव्हती. सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना त्याच साथीत गेल्या. पण पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोरे शिपाई घराघरांत शिरले, स्वयंपाकघरे आणि देव्हारे धुंडाळले गेले, बायाबापड्यांची उघड्यावर तपासणी झाली. शिपायाला जाब विचारण्याची सोय पुणेकराकडे नव्हती. २२ जून १८९७ ला रँडवर गोळी झाडली गेली आणि त्यानंतर सरकारने लोकमान्य टिळकांना राजद्रोहाखाली तुरुंगात धाडले. हत्येने प्लेग गेला नाही, तुरुंगाने संताप गेला नाही. त्या वर्षी केलेला साथरोग कायदा मात्र टिकला, आणि २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. तोच कायदा एकदा परकीय सत्तेच्या हाती आणि एकदा निवडलेल्या सरकारच्या हाती राहिला. या दोन अनुभवांतला फरक उत्तरदायित्वाचा होता.

दुसरी आठवण याहून जवळची आहे, आणि ती कमी सांगितली जाते. गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी अशा जमातींच्या माणसांची जन्मावरून नोंद होई, बोटांचे ठसे घेतले जात, ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे आणि वस्ती सोडायला पास लागे. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या ‘सेटलमेंट’मध्ये पिढ्या गेल्या. कुणी काय केले याची चौकशी नव्हती. कोणाच्या पोटी आला एवढे पुरे होते. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभर रद्द झाला, तरी पोलिसाच्या नजरेतला संशय अजून पुसलेला नाही. जन्मावरून संशयित ठरवणे आणि संशयितालाच निरपराधित्व सिद्ध करायला लावणे म्हणजे काय, हे भटक्या-विमुक्तांना पुस्तकातून शिकावे लागत नाही.

पनवेलचा इस्रायलशी थेट नातेसंबंधही आहे. गावातले बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचे. पेणकर, रोहेकर अशी आडनावे लावणारे, मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू शतकानुशतके रायगडच्या खेड्यांत तेलाचे घाणे चालवत सन्मानाने राहिले. १९४८ नंतर त्यांच्यातले हजारो इस्रायलला गेले. तिथे साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या विवाहांसाठी पूर्वजांची चौकशी करण्याचा फतवा धर्मपीठाने काढला. त्यांनी आंदोलन केले, आणि १९६४ मध्ये त्यांना सर्वार्थाने ज्यू मानण्याची भूमिका इस्रायलच्या संसदेने घेतली. वंशावरून कागद मागितले जाण्याचा अपमान कोकणातून गेलेल्या या माणसांनी त्याच देशात सोसला आणि दूर करून घेतला. त्यांच्यापाशी नागरिकत्व होते, मत होते, संसद होती. नाक्यावरच्या पॅलेस्टिनीपाशी यातले काहीच नाही.

हा विषय महाराष्ट्रासाठी आता केवळ सहानुभूतीचा राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२३ पर्यंत वेस्ट बँकमधल्या दीड लाखाच्या आसपास आणि गाझातल्या सुमारे १८ हजार पॅलेस्टिनींकडे कामाचे परवाने होते. हल्ल्यानंतर ते जवळजवळ सगळे एका फटक्यात थांबवले गेले. हल्ला करणाऱ्यांशी ज्यांचा संबंध नव्हता अशा गवंड्यांची चूल त्यात विझली. भारतीय मजूर पाठवण्याचा करार मे २०२३ मध्येच झाला होता, ४२ हजार जागांचा. पण त्याला वेग आला तो या रिकाम्या झालेल्या जागांमुळे. सप्टेंबर २०२४ मध्ये त्या भरतीची एक फेरी पुण्यात झाली. बांधकामाचे कसब असलेल्या तरुणाने घरी मिळते त्याच्या कित्येक पट वेतनासाठी जाण्याचा निर्णय घेतला, तर त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. दोष द्यायचा तर तो, आपण कोणाच्या जागी जातो आहोत आणि तो माणूस नाक्याच्या पलीकडे का थांबला आहे, हे त्याला न सांगता पाठवणाऱ्या व्यवस्थेला द्यावा लागेल.

त्याच महिन्यात, १८ सप्टेंबर २०२४ रोजी, आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत अमलात आणून वर्षभरात ताबा संपवावा अशी मागणी करणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आला. १२४ देशांनी बाजूने मत दिले, १४ देशांनी विरोधात. ४३ तटस्थ राहिले आणि त्यांत भारत होता. १९७४ मध्ये पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेला आणि १९८८ मध्ये पॅलेस्टाइन राष्ट्राला मान्यता देणारा भारत. इस्रायलशी शेती, पाणी, संरक्षण यांतले संबंध राखूनही वेगळे मत देता आले असते, कारण ठरावाची मागणी इस्रायल पुसण्याची नव्हती, व्यापलेला प्रदेश सोडण्याची होती. मजूर पाठवताना सरकारने त्यांच्या सुरक्षेची हमी घ्यावी, पॅलेस्टिनी कामगारांना परत येऊ देण्याची मागणी त्याच टेबलावर ठेवावी आणि आमसभेत हा प्रश्न पुन्हा येईल तेव्हा तटस्थ राहू नये. महाराष्ट्रातून निवडून गेलेल्या ४८ खासदारांना हे विचारता येते, आणि विचारणाऱ्याला उत्तर देणे हे त्यांचे कर्तव्य आहे.